गुलाबपाण्याने उमटलेले कोड

दारूवर मी पत्रक काढले आहे, हुंड्यावर काढले आहे, तळ्यात म्हशी धुणाऱ्यांवर काढले आहे. चार शिव्या खाल्ल्या, एकदा डोक्यावर शेण पडले, पण लिहायचे ते लिहिले. विलायती पावडरीवर मात्र माझे पत्रक नाही. लिहून तयार होते. माझ्या बहिणीने ते मागितले, वाचले आणि त्याची पुडी बांधली. त्या पुडीत काय होते ते पुढे येईल.

ही बहीण माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिला मी अक्का म्हणतो. तिचे सासर ठाण्याला, टेंभी नाक्याच्या अलीकडे. आम्ही कल्याणचे. त्या चैत्रात ती आठ दिवसांसाठी माहेरी आली होती. दोन वर्षांची मुलगी मात्र सासूने ठाण्यालाच ठेवून घेतली. नातीवाचून करमत नाही, हे सांगायचे कारण. खरे कारण सगळ्या सासुरवाशिणींना ठाऊक असते: वासरू खुंट्याला असले की गाय वेळेवर परत येते.

चैत्रात आमच्याकडे घरोघर गौर मांडतात आणि महिनाभर कोणाकडे ना कोणाकडे हळदीकुंकू असते. आंब्याची डाळ, पन्हे, ओटीत भिजवलेले हरभरे, मनगटाला अत्तर आणि शेवटी गुलाबदाणीतून तोंडावर गुलाबपाणी. शेजारच्या घरी असेच हळदीकुंकू होते. अक्का गेली. उन्हे उतरायची होती, बायकांची दाटी होती, सगळ्या घामाने निथळत होत्या. यजमानीणबाईंनी गुलाबदाणी हलवली. अक्काच्या गालांवर थेंब पडले, आणि ते सुकले तसे गालांवर पांढरे ठिपके उमटले. वाटाण्याएवढे, कडा ठळक.

तिथे अक्काच्या सासूची मावसबहीण बसली होती. तिने वाकून पाहिले आणि विचारले, "सूनबाई, हे कधीपासून गं?"

अक्काने पदराने तोंड झाकले आणि ती उठून घरी आली. तेवढे पुरले.

कोड म्हणजे अंगावर पांढरे डाग. ते दुखत नाही, खाजत नाही, त्याने कोणी मरत नाही, शिवण्याने ते दुसऱ्याला होतही नाही. पण आमच्या लोकांत एखादीला कोड निघाले असे नुसते बोलले गेले, की तिची भांडी वेगळी होतात, आणि तिच्या भाच्यांची, मुलींची, अजून न जन्मलेल्या नातींची लग्ने अडतात. शिकलेली घरेही याला अपवाद नाहीत. उलट शिकलेल्या घरात भांडी जास्त असतात, त्यामुळे वेगळी काढायला सोपी जातात.

चौथ्या दिवशी ठाण्याहून पोस्टकार्ड आले. पाकीट नव्हे, कार्ड. म्हणजे टपालवाल्याने वाचले, वाण्याने वाचले, मग आम्ही वाचले. सासूने कोणाकडून तरी लिहवून घेतले होते: मुलीच्या अंगावर उठले आहे असे कळते. औषधपाणी होऊन पूर्ण निघून जाईपर्यंत तिला तिथेच ठेवावे. नात इकडे सुखरूप आहे, तिची काळजी नसावी.

आईने कार्ड देवापुढे ठेवले. का ठेवले कोण जाणे. देवाने काय वाचायचे राहिले होते?

मी अक्काचे तोंड उजेडात धरून पाहिले. कातडी स्वच्छ. बाळंतपणानंतर गालांवर थोडे काळसर वांग आले होते तेवढेच. पांढरे काही नाही. मी विचारले, "मग त्या दिवशी काय दिसलं त्यांना?"

"मला काय ठाऊक."

"अक्का, तुला ठाऊक आहे."

"नाही म्हटलं ना."

मी तिथेच थांबायला हवे होते. पण ज्याला पत्रके काढायची सवय लागली आहे त्याला गप्प बसणे हा गुन्हा वाटतो. मी रात्री बसून मजकूर लिहिला. मथळा दिला, 'खोट्या कोडाचा खरा निवाडा'. कल्याणच्या एका कुलीन स्त्रीवर काही रिकामटेकड्या बायकांनी कोडाचा आळ कसा घेतला, तिचे सासरचे लोक आगगाडीने फिरूनही बैलगाडीच्या काळात कसे आहेत, असे सगळे झणझणीत. नाव घातले नाही. फक्त कल्याणचा पारनाका आणि ठाण्याचा टेंभी नाका घातला. मला वाटले मी मोठा हुशार.

छापखान्यातून गठ्ठा आणला. अर्धी पत्रके कल्याण स्टेशनावर वाटली. उरलेली ठाण्याला नेऊन, खळ करून, टेंभी नाक्यावरच्या भिंतींना चिकटवली. एक तर भाऊजींच्या घरासमोरच, दिसेल अशी.

दोन दिवसांनी स्टेशनावर एका अनोळखी गृहस्थाने मला थांबवले. "कोडवाल्या बाईचे बंधू आपणच का?"

मी म्हटले, "तिला कोड नाही. पत्रकात तेच लिहिलंय."

"हो हो, वाचलं. आम्हांला आधी काही माहीत नव्हतं. तुम्ही छापलंत म्हणून कळलं."

घरी आलो तर अक्काच्या हातात ते पत्रक. तिला वाचायला मीच शिकवले, आईच्या विरोधात, आणि त्याचा मला फार अभिमान होता. तिने घडी घालून पत्रक माझ्यासमोर ठेवले.

"आठ बायकांना माहीत होतं," ती म्हणाली. "आता किती जणांना माहीत आहे?"

मी पत्रक उचलायला गेलो, तर तिने ते दाबून धरले.

"तू माझी बाजू घेतलीस का गावाला अक्षत दिलीस? तिकडून आता दुसरं कार्ड येईल. त्यात औषधपाणीसुद्धा नसेल. नवी मुलगी बघताहेत एवढंच असेल. आणि माझी मुलगी त्या नवीला आई म्हणेल."

मग ती उठली, कपड्यांच्या पेटीच्या तळातून एक गोल डबा काढला आणि पत्रकावर ठेवला. पुठ्ठ्याचा डबा, झाकणावर पिसांची टोपी घातलेली मडम. आत पांढरी भुकटी आणि ती लावायला पिसांचा मऊ गोंडा.

"हे माझं कोड," अक्का म्हणाली.

डबा भाऊजींनी आणला होता. ते मुंबईला कचेरीत जातात, रोज आगगाडीने. कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यावर मडमेचे तोंड पाहून आले आणि बायकोचे वांग डोळ्यांत खुपायला लागले. डबा गुपचूप दिला आणि शपथ घातली, की त्यांच्या आईला कळता कामा नये, कोणाला सांगता कामा नये. कारण आमच्यात तोंडाला पांढरे लावतात ते नाटकातले बायकांची सोंगे घेणारे बाप्ये, आणि त्याहून वाईट कोण ते आई उच्चारतसुद्धा नाही.

"मग त्या दिवशीच का नाही सांगितलंस, की पावडर होती म्हणून?"

"इकडून शपथ घातली आहे." नवऱ्याचा उल्लेख ती असाच करते. "आणि सांगितलं असतं तर काय झालं असतं? कोडवालीला माहेरी ठेवतात. पावडरवालीला काय करतात?"

मी दुसऱ्या दिवशी ठाणे स्टेशनावर संध्याकाळच्या गाडीला उभा राहिलो. भाऊजी उतरले. मला पाहून त्यांनी आधी आजूबाजूला पाहिले.

"भाऊजी, तुमच्या डब्याने बायको घराबाहेर पडली आहे. आईला सांगा."

"अहो, असं रस्त्यात काय."

"मग घरी चला, तुमच्या आईसमोर बोलू."

"जरा निवळू दे. तुम्ही त्यात ते पत्रक लावून ठेवलंत. आता मी बोललो तर आई म्हणेल, बायकोच्या नादाने बोलतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "चूक तिचीच आहे. किती थापली असेल. मडमा लावतात, कोणाला दिसते का?"

असल्या माणसाला काय म्हणावे यावर मी घरी येईपर्यंत तीन मथळे तयार केले होते. पण त्यांचे शेवटचे वाक्य डोक्यात राहिले. डब्याच्या बुडाला इंग्रजीत छापले होते ते मी वाचून काढले. लिहिले होते की ही पावडर अंगावर अदृश्य होते. अदृश्य, पण कोणाच्या अंगावर? चुना लावलेल्या भिंतीवर चुन्याचे बोट दिसत नाही, हे सांगायला विलायतेतून डबा यायला नको होता. करणाऱ्याने आपल्या बायकोचे तोंड पाहून पावडर केली, आणि आमच्या भाऊजींनी त्याच्या बायकोचे तोंड पाहून विकत आणली. अक्काचे तोंड दोघांनीही पाहिले नाही.

हे मी पत्रकात घातले. तेच ते पत्रक, जे कधी छापले गेले नाही.

"डबा नदीत टाक," मी अक्काला म्हटले. "आपण वैद्याकडून दाखला घेऊ, कोड नाही म्हणून."

"दाखला पुरुषांत चालतो. हळदीकुंकवात डोळ्यांनी पाहिलेलं चालतं. त्यांनी डोळ्यांनी पांढरं पाहिलंय. ते पांढरं कशाचं होतं हे त्याच डोळ्यांना दाखवलं पाहिजे."

सासूच्या घरचे हळदीकुंकू अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी असे. त्याला बारा दिवस होते. अक्काने मागच्या पडवीत आरसा टांगला आणि पावडर घेऊन बसली. सकाळी एकदा, दुपारी एकदा. मला चीड यायची. ज्या भुकटीने घर फोडले तिचाच अभ्यास. पण बारा दिवस काय करणार होतो मी? माझी लेखणी आईने काढून घेतली होती.

पहिले चार दिवस नुसता सत्यानाश. खोबरेल तेलाच्या तोंडावर गोंड्याने थापली की पिठाचा लगदा. पाण्याच्या हाताने पसरली की सुकल्यावर भेगा. चिमूटभर सोनकावेची तांबडी भुकटी मिसळून पाहिली, तर तोंड शेणाने सारवलेल्या भिंतीसारखे दिसायला लागले. आई स्वयंपाकघरातून बघायची आणि सुस्कारे टाकायची.

पाचव्या दिवशी मागच्या दाराशी कोळीण आली. आमच्या घरात मासळी चालते. ही बाई खाडीवरून वर्षानुवर्षे येते आणि आमच्या सगळ्यांपेक्षा मोठ्याने बोलते. तिने पाटी उतरवली, अक्काकडे पाहिले आणि म्हणाली, "आगो बाय, तोंडाला पीठ लावून तलायला बसतेस का काय?"

मी पुढे झालो. "हे बाहेर कुठे बोलायचं नाही."

"मी कनाला बोलू? कागद तू छापतंस."

अक्का कितीतरी दिवसांनी हसली. कोळणीने पाटीतली एक बोय उचलली आणि तिच्यासमोर धरली. "ही ओली हाय. आता पीठ लावलं तं चिखल व्हयल. आदी पान्याचा टिपूस काडायचा. कोरी करायची. मंग पीठ लावायचं न्हाय, निसतं दाखवायचं. दाबायचं नि झटकायचं. जास्तीचं पीठ तव्यावर जलतं. तुजंबी तेच झालंय."

बोय आईने घेतली. अक्का आत गेली आणि तिने तोंड रिठ्याने धुतले.

त्या दिवसापासून तिने गोंडा बाजूला टाकला. गोंड्यात पावडर भरून राहते आणि एकदम सांडते, हे तिच्या लक्षात आले. वडिलांच्या जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेतला. आधी तोंड धुवायचे, टिपायचे, मग अंगची ओल पूर्ण जाईपर्यंत नुसते बसून राहायचे, अगदी बोट टेकले तर सरकले पाहिजे इतके कोरडे. तांदळाच्या दाण्यापुरती पावडर कागदावर काढायची. तुकडा तिच्यावर टेकून दुसऱ्या तुकड्यावर चोळायचा, म्हणजे भुकटी विणीत मुरते. मग तो नाकाच्या बाजूला, कपाळाला, जिथे घाम येतो तिथेच दाबायचा. घासायचे नाही. शेवटी कोऱ्या फडक्याने वरून खाली झटकायचे, लव असते त्या दिशेने. भुवया, कानशिले, केसांची कड, मान, हे सगळे वेगळे पाहायचे, कारण पांढरे तिथे दडून बसते. आणि पाहायचे ते दाराच्या उजेडात. समईच्या उजेडात सगळेच चांगले दिसते, त्या उजेडाचा भरवसा नाही.

आरशाचाही तिला भरवसा वाटेना. म्हणून तिने माझे तोंड वापरले. सुधारणेसाठी मी डोक्यावर शेण झेलले होते, हे त्याहून कठीण गेले. एकदा घाईत तसाच बाजारात गेलो, तर वाणी म्हणाला, "कणीक मळत होतात का? कानामागे राहिलंय बघा." अक्काला सांगितले तर ती म्हणाली, "बरं झालं, कान मी विसरलेच होते." माझ्या अब्रूचे तिला काही नव्हते. तिला कान कळला.

दहाव्या दिवशी तिने मला दारात उभे राहून पाहायला सांगितले. मी खूप पाहिले. तोंड तिचेच होते. घामाची चमक तेवढी गेली होती. तिने स्वतःवर पाणी शिंपडून ते सुकू दिले. ठिपका उमटला नाही. मला कबूल करायचे नव्हते, पण केले.

हळदीकुंकवाच्या दिवशी आई, अक्का आणि मी दुपारच्या गाडीने ठाण्याला गेलो. बोलावणे नव्हते. पण चैत्रगौरीच्या दिवशी दाराशी आलेल्या सवाष्णीला परत पाठवता येत नाही, हे अक्काने हिशेबात धरले होते. सासू दारात आली, तिने अक्काकडे न पाहता आईला म्हटले, "या." एवढेच. मी पुरुष म्हणून बाहेर ओसरीवर राहिलो. तिथे भाऊजी सुपारी कातरत बसले होते. माजघराचे दार उघडे होते, आतले सगळे दिसत होते.

वाटेत अक्काने मला बजावले होते, "तू तोंड उघडायचं नाहीस. एक शब्द नाही." मी उघडले नाही. हा माझ्या आयुष्यातला सर्वांत अवघड सत्याग्रह.

तिला दाराजवळ एकटीला पाट दिला. शेजारच्या बाईने आपले लुगडे आवरून घेतले. मुलगी आत आजीच्या मांडीवर होती. आईला पाहून तिने हात पुढे केले, तर सासूने ते खाली दाबले आणि म्हणाली, "थांब गं, लगेच नको."

अक्का म्हणाली, "सासूबाई, तांब्याभर पाणी हवं आहे."

पाणी आले. सगळ्यांसमोर तिने तोंड धुतले, पुसले आणि त्या मावससासूकडे वळली. "मावशी, इथे या. उजेडात बघा. कुठे आहे?"

मावससासू जवळ आली, अंतर ठेवून वाकली. "आत्ता नाही दिसत. औषध लावलं असशील."

"औषध नव्हे." अक्काने पदराखालून पुडी काढली. माझ्या न छापलेल्या पत्रकाची पुडी. ती जमिनीवर उलगडली. आत पावडर, फडकी आणि तो गोंडा. मग ती बसून राहिली, तोंड वाळेपर्यंत. बायका कुजबुजत होत्या. मला ती वाट पाहणे आजही आठवते. एवढ्या वेळात मी दोन पत्रके लिहिली असती.

डाव्या गालाला तिने फडक्याने दाबून लावली आणि झटकली. उजव्या गालावर बोटभर तेल फिरवून गोंड्याने थापली, पहिल्या दिवशी थापली होती तशी. "मावशी, आता गुलाबदाणी तुम्हीच घ्या."

मावससासूने घेतली. नाही म्हणता येईना, सगळ्या बघत होत्या. तिने शिंपडले. अक्काने वारा घेतला. उजव्या गालावर पांढरे ठिपके, वाटाण्याएवढे. डाव्यावर काही नाही.

बायका वाकून दोन्ही गाल पाहू लागल्या. मग एक म्हणाली, "म्हणजे कोड नव्हे, नखरे."

दुसरी म्हणाली, "पण अगं, डाव्या बाजूला लावलीय हे कळतच नाही."

सासूचे डोळे पावडरीवर होते. "हे सोंग घरात कोणी आणलं?"

अक्का म्हणाली, "आणायचं त्यांनी आणलं."

मी भाऊजींकडे पाहिले. सुपारी कातरून संपली होती, तरी अडकित्ता चालूच होता. मी नुसता पाहत राहिलो. त्यांनी मान वर केली नाही. एक वाक्य पुरले असते, 'आई, मी आणली'. तीन शब्द. मी लोकांना रस्त्यात अडवून पानभर वाचून दाखवतो, आणि या माणसाला आपल्याच घरात तीन शब्द जड.

तेवढ्यात मुलगी आजीच्या मांडीवरून घसरली. कोणी धरायच्या आत ती आईकडे पोहोचली, तिच्या गळ्यात पडली आणि दोन्ही हातांनी तिने आईचा उजवा गाल चोळला. कोणीतरी "अगं अगं" म्हणाले. मग ती फिरून आजीकडे धावली आणि तिने हात आजीच्या काळ्या चंद्रकळेला पुसले. काळ्यावर पाच आणि पाच बोटे पांढरी उमटली.

सासूने ती बोटे पाहिली. झटकली, थोडी गेली, थोडी राहिली. मग तिने ओसरीकडे, आपल्या मुलाकडे पाहिले. अडकित्ता थांबला.

"कळलं," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते सांगता यायचे नाही. मग अक्काला म्हणाली, "ऊठ. तोंड धू, आणि डाळ वाटायला ये. बायका कधीच्या खोळंबल्या आहेत."

क्षमा नाही, चुकले नाही, काही नाही. अक्का उठली. मुलगी तिच्या पदराला धरून आत गेली. पुडीवर सासूने स्वतः पाटाचे एक टोक ठेवले, वाऱ्याने उडू नये म्हणून. हे का केले, तेही मी सांगू शकत नाही. आई बाहेर आली तेव्हा तिच्या ओटीत हरभरे होते आणि डोळे कोरडे होते.

भाऊजी मला म्हणाले, "निभावलं बघा अखेर."

"तुम्ही नाही निभावलंत," मी म्हणालो. माझा सत्याग्रह एव्हाना संपला होता. "ती परत आलीय ती मुलीसाठी. तुमच्यासाठी आली असं समजू नका."

त्यांनी मला सुपारी पुढे केली. मी घेतली नाही.

आईला गाडीच्या वेळेपर्यंत तिथेच बसवले आणि मी तांब्याभर पाणी मागून टेंभी नाक्यावर गेलो. माझी पत्रके अजून भिंतींवर होती. पाणी मारून, नखांनी खरवडून एकेक काढू लागलो. घरासमोरचे सर्वांत घट्ट बसले होते. एक दुकानदार फळीवर बसून पाहत होता. त्याने विचारले, "काय हो, त्या कोडाचं काय झालं?"

"नव्हतंच," मी म्हटले.

"मग कशाला लावलं होतंत?"

मी खरवडत राहिलो. कागद निघाला, पण खळ जास्त लावली होती. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला तो राहिलाच.